आईचा उन्हाळी हिस्सा

हर्षलचा फोन आला तेव्हा रजनीबाई कूलरचं गवत बदलत होत्या. होळी चार दिवसांवर आली होती आणि नागपुरात होळी झाली की कूलर खिडकीला लागतो, मग जगात काहीही होवो. क्षारांनी पांढरं पडलेलं जुनं गवत काढायचं, टाकी घासायची, नवं गवत जाळीत बसवायचं आणि पहिल्यांदा पाणी फिरलं की घरभर सुटणारा तो ओला वास छाती भरून घ्यायचा. त्यांच्या लग्नाच्या वेळी गवतात वाळा मिसळायचे. पुढे वाळा महागला, मग नुसतं गवत आलं, आणि आता गवताचे कूलरही थोड्याच घरांत उरले होते. नंदनवन वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत मात्र रजनी वैरागड्यांनी आपला कूलर जपून ठेवला होता.

"आई, या उन्हाळ्यात तू तिकडे एकटी नको राहू," हर्षल म्हणाला. "बेसाला ये. तुझी खोली तयार करून राहिलो आम्ही."

नवरा गेल्यापासून मुलाचं बोलावणं यायचं ते सणावारी, आणि तेही सकाळी ये, संध्याकाळी सोडून देतो, असं.

"किती दिवस रे?"

"पाऊस पडेपर्यंत. मिहिकाही सारखी विचारते, आजी कधी येणार म्हणून."

त्यांनी अर्धवट बसवलेलं गवत तसंच ठेवलं आणि शेजारच्या कमल ढोमणेंना सांगायला गेल्या. कमलबाई दारात लसूण सोलत होत्या.

"बरं झालं वं बाई," त्या म्हणाल्या. "पोट्ट्याला आईची आठवण आली. पण उन्हाळ्यातच काहून आली, ते इचारलं का?"

"तुझ्या जिभेला हाड नाही, कमल."

"नाहीच ना. हाड असतं तर केव्हाच मोडलं असतं."

कमलबाईंच्या बोलण्यात काय खोच होती हे कळायला मीटरची गोष्ट सांगितली पाहिजे.

एक काळ असा होता की मीटर म्हणजे दाराशेजारचा काळा डबा. त्यात एक चकती फिरायची, आणि ती जोरात फिरायला लागली की घरातला कर्ता माणूस पंखे बंद करत सुटायचा. जितके युनिट जास्त, तितका पुढच्या युनिटचा भाव चढा. म्हणून लोक एकाच घरात दोन मीटर घ्यायचे. वरच्या मजल्याचं मुलाच्या नावावर, खालचं आईच्या नावावर. युनिट वाटले गेले की दोन्हीकडं भाव खालचा. घराघरांत चूल एकच होती, मीटरं मात्र वेगळी झाली होती.

नव्या मीटरनं ती युक्ती बंद पाडली. विजेचा प्रवाह तारेतून सेकंदाला पन्नास वेळा हेलकावतो. त्या हेलकाव्यावर प्रत्येक उपकरण आपली खूण उमटवतं. पाणी तापवायची शेगडी सरळ, एकसारखा प्रवाह ओढते. मोटर सुरू होताना हिसका देते आणि मग शांत होते. मोबाईलचा चार्जर लाटेच्या फक्त टोकाला कुरतडतो. नवं मीटर सेकंदाला हजारो वेळा तार चाचपतं आणि दारावर एकट्यानं उभं राहून सांगतं, की आत आता पंखा लागला, फ्रिज थांबला, कुणी मिक्सर फिरवला. पावलांच्या आवाजावरून आपण माणूस ओळखतो, त्यातलाच प्रकार.

उपकरणं ओळखता आली, तशी पुढं माणसंही ओळखता येऊ लागली. कुणी पंखा पाचवर ठेवतं, कुणी तीनवर. कुणी मिक्सर एका दमात फिरवतं, कुणी थांबून थांबून. कुणी पहाटे पाणी तापवतं, कुणी उन्हं आल्यावर. महिनाभरात मीटरला घरातल्या प्रत्येकाची ओळख पटते. त्या ओळखीला सगळे हातखूण म्हणू लागले.

याच हातखुणेवर उन्हाळी हिस्सा उभा राहिला. मे महिन्यात पारा अठ्ठेचाळिसाच्या पुढं जाऊ लागला, दुपारची वीज सोन्याच्या भावानं विकली जाऊ लागली, आणि म्हातारी माणसं बंद खोल्यांत उकडून मरू लागली, तेव्हा सरकारनं ठरवलं की होळीपासून पावसापर्यंत प्रत्येक माणसाला ठरावीक वीज स्वस्तात मिळेल. सत्तरीपुढच्यांना तिप्पट, कारण उष्माघातानं आधी तेच जातात. ज्या घरात तुमची हातखूण सापडेल, त्या घराला तुमचा हिस्सा जोडला जाईल. घरात एक म्हातारं माणूस असलं की मग दोन एसी सुखानं चालतात.

तर शहात्तर वर्षांच्या रजनीबाई धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी बेसाला, शहराच्या कडेच्या वस्तीत हर्षलच्या फ्लॅटवर गेल्या.

खोली खरोखर छान केली होती. नवी गादी, भिंतीत एसी, उशाला चहाची विजेची किटली. मिहिका पहिल्या दिवशी आजीच्या कुशीत झोपली. केतकीनं, म्हणजे सुनेनं, विचारलं, "आई, चहा तुमचा तुम्ही करून घेत जाल ना? तुम्हाला पहाटे लागतो." रजनीबाईंना ते आवडलं. इतकी वर्षं सुनेच्या स्वयंपाकघरात त्यांना पाहुणीसारखं वाटायचं.

पण खोड माणसाबरोबर जाते. रजनीबाई वाढल्या त्या घरात एकच बल्ब होता आणि वडील म्हणायचे, जिथं माणूस नाही तिथं दिवा नाही. नवऱ्यानं दर रविवारी मीटर वाचून आकडा भिंतीवर पेन्सिलनं लिहिला. भारनियमनाची ती वर्षं काढली, कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर गच्चीवरून दिसायचा आणि आपल्याच घरात अंधार असायचा. त्या पिढीतल्या बाईचा हात खोलीतून निघताना आपोआप बटणावर जातो, त्याला डोक्याची परवानगी लागत नाही. त्यात आता ही मुलाची वीज. मुलगा इतक्या प्रेमानं घेऊन आला, त्याचं बिल आपल्यामुळे वाढायला नको, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

त्यांनी एसी लावलाच नाही. दुपारी ओला टॉवेल खांद्यावर टाकून त्या गॅलरीच्या सावलीत बसायच्या. आंघोळ नळाच्या पाण्यानं. चटणी खलबत्त्यात. पहाटेचा चहा गॅसवर, आणि तो करताना स्वयंपाकघरातला दिवा नाही, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात. देवापुढं तेलाची वात. रात्री पंखा, तोही मिहिका शेजारी असेल तर.

महिना संपला आणि हर्षल जेवणाच्या टेबलावर मोबाईल घेऊन बसला.

"आई, तू दिवसभर काय करते गं?"

"काय करणार? बसते, वाचते. काहून?"

"हिस्सा तोडला त्यांनी. घरात चार माणसांची नोंद, हातखुणा तीनच सापडल्या म्हणते. चौथा माणूस राहत नाही इथे. महिनाभराची वीज दुपारच्या भावानं लावली आहे सगळी."

"मी राहत नाही? अरे, मी तर इथेच आहे."

"मीटरला नाही ना दिसत तू."

केतकी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, तुम्ही एसी लावत नाही, किटली लावत नाही, टीव्ही पाहत नाही. मांजर असतं तर त्याचीसुद्धा नोंद झाली असती."

"मी तुमचंच बिल वाचवत होते गं."

"ते वाचवूनच तर बुडालं ना आमचं," हर्षल म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, कारण त्या शांत आवाजात रजनीबाईंना सगळं एकदम समजलं. गादी, किटली, तुमचा चहा तुम्ही करून घ्या. कमलचं बोलणं आठवलं, पण त्यांनी ते मागे लोटलं.

"हर्षल, तू मला त्या हिश्शासाठी आणलं का?"

"असं कसं बोलते आई? दोन्ही गोष्टी असतात. तू इथे गारव्यात राहशील, आम्हालाही थोडा आधार. यात वाईट काय?"

वाईट काही नव्हतंच. हिशेबानं पाहिलं तर सगळ्यांचंच भलं होतं, म्हणून तर त्यांना बोलायला तोंड उरलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रजनीबाई वीज वापरायला शिकू लागल्या. केतकीनं सांगितलं, पंखा तीनवर ठेवून दिवसभर चालू द्या, तुम्ही खोलीत असा नसा. किटली दोनदा. दुपारी एसी. मिक्सर रोज थोडा फिरवा, काही नसलं तर पाणीच फिरवा. आजी रिकाम्या भांड्यात पाणी घालून मिक्सर फिरवते हे पाहून मिहिका पोट धरून हसायची. "आजी, पाण्याची चटणी झाली का?" रजनीबाईही हसायच्या. पण खोलीतून निघताना हात बटणावर जायचाच. कधी जाऊन परत यायचा, कधी बंद करून मोकळा व्हायचा. मीटर गोंधळलं. एक आठवडा चौथी हातखूण सापडली, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गायब.

मग एका रविवारी हर्षल सीताबर्डीच्या बाजारातून एक डबा घेऊन आला. पोळ्यांच्या डब्याएवढा, करड्या रंगाचा. त्यानं तो रजनीबाईंच्या पलंगामागच्या प्लगला लावला.

"हे काय?"

"बहुरूपी म्हणतात याला. तुझ्या चांगल्या आठवड्याची नोंद यात भरली आहे. आता तू काही नाही केलं तरी चालेल."

डब्यात पंखा नव्हता, किटली नव्हती. होतं ते एवढंच, की तारेतून प्रवाह कसा ओढायचा हे त्याला शिकवता येत होतं. पंख्यासारखा ओढ म्हटलं की तो पंख्याची खूण उमटवायचा, किटलीसारखा म्हटलं की किटलीची. वीज जळायची ती थोडी, आणि तेवढ्यासाठी म्हातारीचा अख्खा हिस्सा घराला मिळत राहायचा. पहाटे रजनीबाई अंथरुणात पडून असताना पलंगामागे डबा बारीक गुणगुणायचा, आणि मीटरच्या लेखी त्या उठून चहा करत असायच्या.

"हे चोरीत येतं का रे?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं काय चोरलं? तू इथेच आहेस ना."

त्या तिथेच होत्या, तोवर ते खरं होतं.

हिस्सा परत जोडला गेला. आता कुणी विचारेना की आई, एसी लावला का, चहा केला का. जेवायला हाक यायची तीही उशिरा. एप्रिल संपता संपता केतकीला घरून करायचं नवं काम मिळालं, तिला दार लावून बसायला जागा हवी होती. ती वाईट बाई नव्हती. तिनं आठवडाभर हॉलमध्ये बसून पाहिलं, मिहिकाच्या गोंगाटात तिला बोलणं ऐकू येईना. मग हर्षल आईच्या पलंगाच्या कडेवर येऊन बसला.

"आई, तुला नंदनवनला करमतं ना जास्त?"

रजनीबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. लहानपणी गच्चीवर झोपताना पाणी शिंपडून गार केलेल्या जागेसाठी भांडणारा हाच तो मुलगा. त्याच्या बाजूची जागा त्या नेहमी सगळ्यांआधी शिंपडायच्या.

"करमतं," त्या म्हणाल्या. "सोडून दे उद्या."

जाताना त्यांनी आपली पिशवी उचलली. डबा तिथेच राहिला.

नंदनवनला आल्यावर त्यांनी अर्धवट राहिलेलं गवत बसवलं, टाकी भरली, कूलर लावला. दाराजवळच्या मीटरच्या पाटीवर अक्षरं उमटली: पाहुणा दर. या घराला हिस्सा नाही, राहणाऱ्या व्यक्तीची नोंद दुसरीकडं आहे. आठवड्याचं बिल मोबाईलवर आलं तेव्हा त्यांना वाटलं शून्य एखादं जास्त पडलं असेल. पेन्शनीत दोन दुपारी निघाल्या असत्या, उन्हाळा नाही.

त्यांनी हर्षलला फोन केला.

"मी देईन ना थोडे पैसे," तो म्हणाला. "पण आई, एक ऐक. तिथे जास्त वापरू नको. तुझी हातखूण दोन ठिकाणी उमटली तर मग ते तपासायला येतात. पाऊस पडेपर्यंत ओढ ना. दुपारी ढोमणे काकूंकडं जाऊन बसत जा."

ढोमणे काकूंकडं एक छोटा कूलर होता आणि त्यांच्या एकटीच्या हिश्शात तो चालायचा. दोन-तीन दिवस रजनीबाई तिथं जाऊन बसल्या. चौथ्या दिवशी त्यांना दुसऱ्याच्या गारव्यात जाऊन बसणं जड झालं. त्या घरीच राहिल्या, ओला टॉवेल घेऊन.

कमलबाई ताक घेऊन आल्या तेव्हा रजनीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडलेल्या होत्या. अंगाला हात लावला तर तवा. कमलबाईंनी माठ उलटा केला त्यांच्या डोक्यावर, रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं सलाइन लावलं आणि कमलबाईंना बाजूला घेऊन नाही, रजनीबाईंनाच स्पष्ट सांगितलं, "आजी, या वेळी वाचल्या. आता दुपारी गारवा नसेल तर पुढच्या वेळचं मी सांगू शकत नाही."

हर्षल संध्याकाळी आला. डोळे भरून आले होते त्याचे, ते अश्रू खोटे नव्हते. बराच वेळ आईचा हात धरून बसला. मग म्हणाला, "आई, डॉक्टरांनी कुठे काही लिहून पाठवलं का? म्हणजे पत्ता कोणता दिला तू?"

कमलबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि कमल ढोमणे काही बोलत नाही असं रजनीबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

अंगात त्राण आल्यावर रजनीबाई वीज कार्यालयात गेल्या. खिडकीवर उके आडनावाची मुलगी होती, तेजस्विनी. केस घट्ट बांधलेले, समोर पाण्याची बाटली. तिनं नाव विचारलं, अंगठा घेतला आणि पडद्याकडं पाहत कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, तुमचा हिस्सा तर चालू आहे. बेसाला. तुम्ही आता घरीच आहात."

"मी इथे बसली आहे, बाळा."

"ते मला दिसतं. पण इथे बघा ना." तिनं पडदा फिरवला.

रजनीबाईंनी चष्मा लावला. पडद्यावर बेसातल्या रजनी वैरागडेंचा दिवस उलगडलेला होता. पहाटे चहा. मग पंखा, तीनवर, एकदाही न थांबता. मिक्सर, थांबून थांबून, अगदी त्यांच्या हातासारखा. दुपारी एसी. आता या क्षणी दुसरा चहा. त्या बाईला कुणी दिवा मालवायला शिकवलं नव्हतं. तिला घाम येत नव्हता, ती कुणाला हाक मारत नव्हती, तिला वेगळी खोली लागत नव्हती. तिच्यावर घरात कुणी नाराज नसणार. रजनीबाईंना तिचा हेवा वाटला, आणि मग राग आला, तोही तिचाच.

तेजस्विनीला समजलं होतं. ती रोज पाहत असावी असली प्रकरणं. तिनं आवाज खाली आणला.

"मुलगा का?"

"हो."

"हे बघा आजी, माझ्या हातात दोनच गोष्टी आहेत. तुम्ही म्हणालात की काही चुकलं नाही, तर मी ही खिडकी बंद करते आणि तुम्ही घरी जाता. तुम्ही म्हणालात की तिथे राहते ती तुम्ही नाही, तर भरारी पथक जाईल. बहुरूपी सापडला की लाइट कापतात. दंड, चौकशी, सगळं होईस्तोवर जोडत नाहीत. तुमचा हिस्सा मात्र त्याच दिवशी नंदनवनला येईल."

"चौकशीला किती वेळ लागतो?"

"उन्हाळा निघून जातो."

रजनीबाईंनी बेसातलं घर डोळ्यांसमोर आणलं. दहाव्या मजल्यावरचं, पश्चिमेला काचा. तिथं वीज नसेल तर भिंती दुपारी हात लावू देणार नाहीत. केतकी मिहिकाला माहेरी नेईल, अमरावतीला. हर्षल एकटा राहील. येईल नंदनवनला, दार वाजवेल? त्या घरात कूलर एकच होता आणि तो त्याच्या आईच्या हिश्शावर चालणार होता. तो येणारच नाही. अभिमान नव्हता त्याला, पण लाज होती, ती त्यांनीच शिकवलेली.

त्यांना दवाखान्यातलं त्याचं रडणं आठवलं, आणि त्यानंतरचं वाक्यही. दोन्ही खरंच होतं. त्यांनी दोन्ही तोलून पाहायचा प्रयत्न केला, पण ती एका तराजूत बसेनात.

मागे रांगेतला एक माणूस खोकला. तेजस्विनीनं त्याला हातानं थांबवलं.

"पाणी घ्या आजी. घाई नाही."

रजनीबाईंनी तिच्या बाटलीतलं पाणी घेतलं. गार होतं. ते पोटात उतरताना त्यांना जाणवलं की आपल्याला अजून जगायचं आहे. या वयात ते कबूल करायला थोडं अवघड वाटलं.

"पाठव पथक," त्या म्हणाल्या. "पण दुपारी नको पाठवू. नात झोपते त्या वेळी."

मुलीनं मान खाली घातली. तिचा हात टेबलावरच राहिला.

"आजी, पथक दुपारीच जातं. बहुरूपी तेव्हाच पकडता येतो. सकाळी गेलं तर लोक प्लग काढून ठेवतात."

बाहेर रस्त्यावर ऊन भाजत होतं, आणि कार्यालयातला एसी कुणाच्या तरी हिश्शावर संथ चालला होता. रजनीबाईंनी बाटलीचं झाकण लावलं, नीट, घट्ट.

"मग दुपारी पाठव," त्या म्हणाल्या.